हिंगणा रोडच्या मिस्त्रीकाकाजींना, एका नकाराबद्दल आभार

आदरणीय काकाजी,
सा. न. वि. वि.

तुम्ही मला नाही म्हणालात, त्याचे आभार मानायला हे पत्र. चारचौघांसमोर लिहितोय, कारण नागपुरातून पावसाळ्यात रानवाटांवर गाडी घेऊन निघणारे माझ्यासारखे बरेच आहेत आणि तुम्ही शिकवलेलं त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवं.

माझं मागणं साधं होतं. पुढच्या बंपरला एक जाड हूक वेल्ड करून द्या, गाडी रुतली तर दोर अडकवायला. अर्ध्या तासाचं काम. हिंगणा एमआयडीसीच्या रस्त्यावर ते करून देणारं दुसरं दुकान सहज सापडलं असतं, हे तुम्हालाही ठाऊक होतं. तुम्ही पैशाचं काही बोलला नाहीत. विचारलंत ते एवढंच, "वढतानी बाजूले कोन कोन उभं राह्यते?" मी सांगितलं, मित्र असतात, कधी बायको, कधी मुलगी व्हिडिओ काढत असते. तुम्ही ग्राइंडर खाली ठेवला आणि म्हणालात, "मंग बंपरले नाही लावत."

मग गाडीखाली मला तुमच्या शेजारी झोपायला लावलंत आणि बॅटरीच्या उजेडात एकेक भाग दाखवलात. बंपर हा पत्रा, तो कशावर धरलाय ते बघ. गाडीचं खरं बळ चासीच्या दोन लांब पट्ट्यांत, म्हणून ओढ तिथेच गेली पाहिजे. पुढे खाली जो वाकवलेल्या सळईचा हूक होता, त्यावर बोट ठेवून तुम्ही म्हणालात, "हा गाडी ट्रेलरवर बांधाले देल्ला हाय, वढाले नाही." हे वाक्य मी तेव्हापासून कितीतरी जणांना ऐकवलंय. कंपनीने दिलेला प्रत्येक हूक ओढायलाच असतो असं समजून लोक त्यात दोर घालतात. मागच्या टो बॉलचंही, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गोळ्याचंही तेच. ट्रेलर सावकाश ओढायला तो बनवलेला असतो, झटका सोसायला नाही. ऑस्ट्रेलियात असा गोळा तुटून, दोराच्या ताणासकट उडून माणसं दगावली आहेत.

झटक्याचं गणित तुम्ही खडूने फरशीवर मांडलंत. लवचीक दोराने ओढताना पुढची गाडी धावत येते आणि तिचा सगळा वेग दोरात साठतो. वेग दुप्पट केला की साठणारी ऊर्जा चौपट. ताशी दहाच्या जागी वीसने धाव घेतली तर हूकवर काय येईल, ते मला पहिल्यांदा कळलं. त्यात आपली काळी माती. काटोल-कळमेश्वरकडची कन्हार भिजली की फुगते आणि आसापर्यंत रुतलेलं चाक सहजी सोडत नाही. तिथे नुसतं गाडीचं वजन धरून हिशेब केला तर तो चुकतो. म्हणून आधी फावडं, मग दोर, हा तुमचा नियम. फावड्याने चाकांपुढची माती काढली की हूकवरचा भार तिथेच कमी होतो, आणि फावडं तुटून कुणाच्या डोक्यात जात नाही.

कामाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण बाकीच्यांना त्यातूनच घेण्यासारखं आहे. बंपरऐवजी चासीलाच दोन्ही बाजूंना दोर अडकवायचा एकेक पॉइंट, म्हणजे बोल्टने बसवलेली जाड प्लेट, करायचं ठरलं. तुम्ही आधी पुठ्ठ्याचा साचा कापला आणि तो चासीला लावून दोनदा बदललात. चासीला एकही नवं भोक पाडलं नाहीत, कंपनीची होती तीच वापरलीत. प्लेट १२ मिलिमीटरची घेतलीत आणि तिची भोकं गॅसने न फोडता ड्रिलने पाडलीत, कारण गॅसची कड खडबडीत राहते आणि चीर तिथून सुरू होते. चासी आतून पोकळ. बोल्ट कसून आवळला तर तिच्या भिंती आत दबतात, आणि दबल्या की बोल्ट ढिला पडतो. म्हणून बोल्ट जातो तिथे आत जाड नळीचा तुकडा बसवलात, पलीकडून दुसरी प्लेट लावलीत. बाहेरून यातलं काहीच दिसत नाही. माझ्या मते सगळ्या कामात हा नळीचा तुकडा सर्वांत मोलाचा.

वेल्डिंग का नको, हेही तुम्ही समजावलंत, आणि ते तुमच्यासारख्या जन्मभर वेल्डिंग केलेल्या माणसाने सांगावं याचं मला फार वाटलं. चासीवर टाका मारला की त्याच्या बाजूचं लोखंड तापून बदलतं, आणि रोजच्या हादऱ्यांनी तडा टाक्याच्या कडेलाच जातो. बोल्ट काढून बघता येतो. टाक्याच्या आत काय झालंय ते डोळ्यांनी कळत नाही.

बोल्टच्या डोक्यावरचा ८.८ हा आकडाही तुम्हीच वाचायला शिकवलात. पहिला आठ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनपर्यंत तो तुटत नाही, आणि दुसरा आठ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांवर तो कायमचा लांबायला लागतो. डोक्यावर आकडाच नसलेला बोल्ट तुम्ही बाजूला टाकलात. इतवारीतल्या लोहाओळीतून दुसरे बोल्ट आणायला मला पाठवलंत आणि आणल्यावर प्रत्येकाचं डोकं चष्मा लावून तपासलंत.

शॅकलची, म्हणजे दोर प्लेटला अडकवायच्या पिनवाल्या कडीची, भोकं पाडल्यावर तुम्ही त्यांच्या कडा कानशीने गोल करत बसलात. लोखंडी शॅकलला त्याची तेवढी गरज नव्हती. पण उद्या कुणी दोराचं मऊ शॅकल घातलं तर धारदार कडेवर ते कापलं जाईल, असं म्हणालात. माझ्याकडे तेव्हा मऊ शॅकल नव्हतंही. पुढे कधीतरी येईल तो दोर, ओढणारा कदाचित दुसराच कुणी, त्याचा विचार तुम्ही त्या दुपारी करत होतात.

आणि ताणकाट्याचा तो प्रयोग! दोन्ही बाजूंना एकेक पॉइंट का, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही दोन काटे, सुतळी आणि एक वजन घेऊन बसलात. सुतळीच्या दोन बाजूंमधला कोन ६० अंश असताना प्रत्येक काट्यावर वजनाच्या निम्म्याहून थोडा जास्त भार. कोन १२० अंश केला तर प्रत्येकावर पूर्ण वजन. म्हणजे दोन्ही पॉइंटना जोडणारा पट्टा आखूड घेतला तर कोन मोठा होतो आणि भार वाटून घेण्याचा फायदाच जातो. मी आता लांब पट्टा ठेवतो. शॅकलही तुम्ही सांगितलं तेच, पावणेपाच टन लिहिलेलं. ते पावणेपाच टन तुटण्याचे नाहीत, रोज वापरण्याचे. तुटायला त्याच्या सहापट लागतात. पिन हाताने पूर्ण आवळून मग जराशी मागे, नाहीतर ताण बसल्यावर ती निघत नाही.

या पावसाळ्यात काटोलकडच्या एका बागेच्या बांधावर मित्राची गाडी रुतली. आम्ही आधी माती काढली, दोरावर ओलं पोतं टाकलं आणि सगळ्यांना दोराच्या रेषेतून बाजूला, दोराच्या लांबीच्याही पलीकडे उभं केलं. माझी मुलगी दूर झाडाखाली होती, तिथूनच व्हिडिओ घेतला. गाडी दुसऱ्या ओढीत निघाली. घरी येऊन मी गाडीखाली शिरलो. बोल्ट आणि प्लेटवर तुम्ही मारलेली पिवळ्या रंगाची रेघ एकाही ठिकाणी तुटली नव्हती, म्हणजे एकही बोल्ट फिरला नव्हता.

काकाजी, तुम्ही कामाचे जेवढे पैसे घेतलेत तेवढ्यात तो वेल्डचा हूक झाला असता की नाही कोण जाणे. शिकवण्याचे तर घेतलेच नाहीत. तुमच्या दुकानावर पाटी नाही आणि तुम्हाला ती नकोच आहे, म्हणून इथे तुमचं नाव लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील.

दसऱ्यानंतर पुढचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासून घ्यायला येतो. मागच्या बाजूचं कामही तेव्हाच करू. बरोबर आणखी दोन गाड्या असतील. त्यांच्या मालकांना सांगून ठेवलंय, की काम एका दिवसात होणार नाही, आणि काकाजी आधी विचारतील की ओढताना बाजूला कोण उभं राहतं.

आपला ऋणी,
एक गाडीवाला, नागपूर