उसनं कापड, आपली शिलाई

कोल्हापूर,
रविवार

चि. अमेय,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, आपल्याकडे चळवळ म्हणावी असं सिनेमात काही झालंच नाही. जर्मनांचा अभिव्यक्तिवाद, इटलीचा नववास्तववाद, फ्रेंचांची नवलाट. आपलं मात्र सगळं उसनं." तुझी सिनेमाच्या वर्गाची वेळ झाली म्हणून बोलणं तिथंच राहिलं. पण मला त्याचं उत्तर द्यायचंय, आणि ते फोनवर मावणारं नाही.

सगळं उसनं असतं हे मला मान्य आहे. फक्त ते एकट्या आपल्याला लावू नकोस. उसनं कापड कोणीही आणतो, शिलाई कुणाची ते बघायचं. आणि ती शिलाई नेहमी कुठल्या तरी माणसाच्या हातांबरोबर एका गावाहून दुसऱ्या गावी गेलेली असते. तुझ्या वहीतल्या तक्त्यात प्रवाहांची नावं आणि सालं आहेत, हे हात नाहीत.

१९२० हे एकच साल घे. त्या वर्षी बर्लिनमध्ये 'द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगारी' लागला, तुझ्या अभिव्यक्तिवादाचा नमुना. वार्म, रायमान आणि रोरिग या तिघांनी त्याचे सेट कापडावर रंगवले होते. वाकडी घरं, तिरक्या खिडक्या, इतकंच काय, उजेड आणि सावल्यासुद्धा रंगाच्या. त्याच वर्षी आपल्या गावातल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' आला. बाबूराव पेंटर मूळचे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे. आणि ज्याचा पडद्यावर हात धरणारा कोणी नव्हता, त्याच माणसानं सिनेमातून रंगवलेला पडदा काढून टाकला आणि खरी खोली असलेले, माणसाला आत-बाहेर वावरता येईल असे सेट उभे केले. एकाच वर्षी दोन गावांतले चित्रकार सिनेमाकडे वळतात, आणि एक पडदा आत आणतो, दुसरा बाहेर काढतो! जर्मनीत महायुद्धातला पराभव होता आणि तिथल्या चित्रकलेनं, रंगभूमीनं वास्तवाशी आधीच फारकत घेतली होती. कोल्हापुरात शाहू महाराजांचा आश्रय होता, तानीबाई कागलकरांसारख्या गायिकेनं दिलेलं भांडवल होतं, आणि साथीदार आनंदराव पेंटर १९१६ मध्ये गेल्यावर बाबूराव आणि त्यांच्या हाताखालच्या दामल्यांनी मिळून बनवलेला कॅमेरा होता. तिथली निकड तिथल्यासारखी, इथली इथल्यासारखी.

तुमच्या पुस्तकात पहिली गोष्ट प्रकरणभर असेल आणि दुसरी दोन ओळींत. त्याचा मला राग येतो, तो तुझ्यावर नाही.

आता त्या जर्मन सावल्यांचं पुढं काय झालं ते बघ, म्हणजे मी हात हात का म्हणते ते कळेल. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि फ्रिट्झ लँग, बिली वाइल्डर, रॉबर्ट सिओडमाक असे लोक देश सोडून निघाले. पुढं ते हॉलिवूडला पोचले आणि तिथल्या गुन्हेगारी गोष्टींवर त्यांच्या सावल्या पडल्या. त्या पिक्चरना 'नॉयर', म्हणजे काळे, हे नाव अमेरिकेनं दिलेलंच नाही. जर्मनांच्या ताब्यात असताना फ्रान्समध्ये अमेरिकी सिनेमा बंद होता. युद्ध संपल्यावर तो साठलेला सगळा एकदम आला, तेव्हा १९४६ मध्ये तिथल्या समीक्षकांना त्यात एक समान काळोख दिसला आणि त्यांनी नाव ठेवलं. पुढं त्याच अमेरिकी पिक्चरांवर जीव टाकणारी फ्रेंच पोरं १९५९-६० मध्ये स्वतः कॅमेरा घेऊन रस्त्यावर उतरली. तुझी नवलाट ती हीच.

दुसरी वाट मुंबईला आली. बॉम्बे टॉकीजमध्ये योसेफ विर्शिंग नावाचे जर्मन छायालेखक होते. १९४९ चा 'महल' त्यांनी टिपलाय. तो झोपाळा, ते रिकामे जिने, अंधारातून येणारं गाणं. आपल्याकडच्या पुनर्जन्माच्या आणि भुताटकीच्या पिक्चरांचा तो पूर्वज आहे, आणि त्यातला उजेड जर्मन हातचा आहे.

तिसरी वाट थेट आपली. बाबूरावांच्या कंपनीतून बाहेर पडून व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर यांनी सीताराम कुलकर्णींबरोबर १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ मध्ये शांतारामबापू रंगीत 'सैरंध्री'च्या कामासाठी जर्मनीला गेले. त्याच साली प्रभात पुण्याला हलली. आणि १९३४ मध्ये 'अमृतमंथन' आला. चंद्रमोहनचा तो पडदाभर डोळा तू पाहिलायस. पण एक बघ, जर्मन पिक्चरांत सावली बहुतेक वेळा माणसाच्या आतल्या भ्रमाची असते. 'अमृतमंथन'मध्ये ती राजगुरूची आहे, बळी मागणाऱ्या धर्मसत्तेची. तंत्र त्यांचं घेतलं, भीती मात्र आपली घातली. तू ज्या आवारात शिकतोस तिथं हे घडलंय, त्या प्रभातच्या जागेवरच १९६० मध्ये तुमची फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. म्हणून "आपल्याकडे काही झालंच नाही" हे वाक्य तुझ्या तोंडी मला जास्त लागलं.

आता इटलीच्या नववास्तववादाकडे येते. शाहू स्मारकमध्ये 'बायसिकल थीव्ह्ज' मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा बाहेर येऊन कितीतरी वेळ दसरा चौकात नुसती उभी होते. युद्धानं स्टुडिओ मोडले, रोमच्या चिनेचित्तामध्ये बेघर माणसं राहायला आली, म्हणून सिनेमा रस्त्यावर आला आणि एका कारखान्यातल्या कामगारानं नायकाचं काम केलं. सत्यजित रायांनी तो १९५० मध्ये लंडनला पाहिला आणि 'पथेर पांचाली'चा धीर केला. बिमल रॉय यांनी १९५२ च्या मुंबईतल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात पाहिला आणि पुढच्याच वर्षी 'दो बीघा ज़मीन' आला. हे सगळे सांगतात. पण सावकारापायी जमीन गेलेला शेतकरी शहराकडं निघतो, ही गोष्ट आपल्या गावात १९२५ मध्ये पडद्यावर आली होती. बाबूरावांचा 'सावकारी पाश'. शेतकऱ्याच्या पोराचं काम तरुण शांतारामनं केलं. प्रेक्षक देव आणि राजे बघायला सरावलेले, त्यांना तो फारसा रुचला नाही.

तू म्हणशील, एक पिक्चर म्हणजे चळवळ नव्हे. बरोबर. मागून येणारे लागतात. पण मागून कोणी आलंच नाही, असं तुला कोणी सांगितलं? 'सावकारी पाश'ची कथा नारायण हरी आपट्यांची. १९३७ च्या 'कुंकू'ची कादंबरीही त्यांचीच. आणि 'कुंकू' करणारा शांताराम म्हणजे तोच, बारा वर्षांपूर्वी जमीन गमावलेला पोरगा! पुढं १९३९ मध्ये 'माणूस', १९४१ मध्ये 'शेजारी'. 'सावकारी पाश' आणि 'कुंकू'चा लेखक तोच, नट होता तो दिग्दर्शक झाला, मंडळी एकाच मुशीतली. याला चळवळ म्हणायला काय कमी पडलं? माझ्या मते एवढंच, की त्यांच्यावर लिहिणारं, नाव ठेवणारं मासिक कोणी काढलं नाही. फ्रेंच पोरांनी आधी मासिकातून लिहिलं, मग सिनेमा केला.

बायकोच्या हट्टाचा आणि शेजाऱ्यांच्या भांडणाचा सिनेमा करणारे पुण्याला गेले, आणि इकडे आपल्या गावात पुढं भालजी पेंढारकर जयप्रभा स्टुडिओमध्ये तलवारी परजत होते, तेही विसरू नकोस. १९४८ च्या जाळपोळीत स्टुडिओ खाक झाला, तो त्यांनी पुन्हा उभा केला आणि १९५२ मध्ये 'छत्रपती शिवाजी' काढला. आपल्या घरचा कपडेपट, म्हणजे पिक्चरना कपडे पुरवायचा धंदा, त्या लाटेवर उभा राहिला. तुझे आजोबा सांगायचे, पूर्वी मागणी असायची ती अंगरख्यांची, मंदिलांची, शेल्यांची. मग हळूहळू ट्रंका बदलल्या. जिरेटोप तळाला गेले आणि नऊवाऱ्या, कंबरपट्टे, चाळ वर आले. कारण उघड होतं. ऐतिहासिक पिक्चरला घोडी लागतात, फौज लागते, किल्ला लागतो. तमाशापटाला एक फड, एक ढोलकी आणि एक पाटलाचा वाडा पुरतो. शहरातला प्रेक्षक हिंदीकडं चाललेला आणि जत्रेतल्या तंबूत बसणाऱ्या माणसाला मराठी हवं होतं, त्याच्या ओळखीचं. १९४७ चा 'लोकशाहीर राम जोशी' आणि १९५९ चा अनंत मान्यांचा 'सांगत्ये ऐका' यांनी तो रस्ता पक्का केला. प्रकार असा बदलतो, पैसा आणि प्रेक्षक हलले की.

त्यातलाच पाटील बघ. तमाशापटात तो फेटा, कोट आणि पिळदार मिशा घेऊन यायचा. १९७४ च्या 'सामना'त तोच माणूस खादी आणि टोपी घालून साखरसम्राट होऊन बसला, हिंदुराव धोंडे पाटील. आणि ते काम केलं निळू फुल्यांनी, जे स्वतः लोकनाट्यातून आले. पुस्तकात तमाशापट एका पानावर असेल आणि समांतर सिनेमा दुसऱ्या. आमच्या ट्रंकेत ते एकावर एक घडी घालून ठेवलेत. त्याच सुमारास मागणीही बदलली, हे आजोबांनी आवर्जून सांगितलं होतं. नवीन दिग्दर्शक यायचे आणि म्हणायचे, कोरं नको, वापरलेलं द्या. मग आजी धोतरं सोड्यात उकळून, दगडावर आपटून त्यांचा कोरेपणा घालवायची. तुमच्या पुस्तकातला वास्तववाद आमच्या परसात असा आला.

'पिंजरा'बद्दल तुझं मत मला ठाऊक आहे, भडक म्हणतोस. १९३० च्या जर्मन 'ब्लू एंजल'वरून घेतलाय, हेही तूच मला सांगितलंस. मास्तर नाचणारणीच्या पायी धुळीला मिळतो, इथवर दोन्ही सारखे. पण तिथला प्राध्यापक संपतो तो स्वतःच्या अपमानात. आपला मास्तर स्वतःच्याच खुनाच्या आरोपात उभा राहतो आणि गप्प बसतो, कारण गावानं ज्याचा पुतळा उभारलाय तो आदर्श मोडला तर गाव मोडेल. ही गाठ जर्मन पिक्चरमध्ये नाहीच. खेबुडकरांची गाणी, राम कदमांची ढोलकी यांनी रंग चढवला ते खरंच, पण मला विचारशील तर त्या पिक्चरचं मोठेपण त्या गप्प राहण्यात आहे.

आणि 'भूमिका'. श्याम बेनेगलांचा, १९७७ चा. तुमच्याकडे समांतर सिनेमाचा नमुना म्हणून दाखवला असेल. तो हंसा वाडकरांच्या आत्मचरित्रावर आहे, आणि त्या आत्मचरित्राचं नाव 'सांगत्ये ऐका'. म्हणजे तमाशापटाची नायिका स्वतःचं आयुष्य सांगते, त्याला आपल्याच पिक्चरचं नाव देते आणि त्यातून पुढच्या पिढीचा वेगळा सिनेमा जन्मतो. शिवाय बेनेगलांनी जुन्या पिक्चरांचे तुकडे त्या त्या काळच्या ढंगात पुन्हा उभे केलेत. ज्या धंदेवाईक सिनेमाला हे लोक पाठ दाखवतात असं शिकवतात, त्याच्याकडं इतक्या मायेनं कोण बघेल?

'शोले'चं तुला नव्यानं सांगत नाही. अमेरिकेच्या फोर्डवरून जपानचा कुरोसावा, कुरोसावावरून इटलीचा लिओने आणि मग 'शोले'तले रामनगरचे खडक, ही साखळी तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. त्या साखळीत कुणाला लाज वाटली नाही, मग तुलाच का वाटावी?

२०१६ चा 'सैराट' घे. पहिला अर्धा भाग हिंदी प्रेमपटाचा सगळा थाट घेऊन येतो, संथ धावणं, लॉस एंजेलिसला वाजवून घेतलेले व्हायोलिनचे ताफे. आणि शेवटी आवाजच काढून घेतो. तो थाट नागराज मंजुळेंनी मुद्दाम उसना घेतला, कारण पडद्यावरच्या प्रेमाची आपल्याला लागलेली सवय मोडायची तर आधी ती पुरवावी लागते. सुरुवातीपासून रूक्ष वास्तवच दाखवलं असतं तर शेवट इतका लागला नसता.

म्हणून तुझ्या छोट्या पिक्चरबद्दल तू विचारलंस, की "आई, हा नक्की कुठल्या प्रवाहात बसतो", त्याला माझं उत्तर असं: तो प्रश्न सध्या बाजूला ठेव. ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या त्या बाईची गोष्ट सांगताना तुला सावली लागली तर जर्मनांची घे, ढोलकी लागली तर फडावरची घे. कशाला घेतलीस एवढं मात्र स्वतःला सांगता आलं पाहिजे. "सुंदर दिसते म्हणून" हे उत्तर मला चालणार नाही.

आणि तुझ्या वर्गातल्या निबंधाची सुरुवात १९२० पासून कर, दोन्ही गावं समोरासमोर ठेवून. लॉ कॉलेज रोडवर चित्रपट संग्रहालय तुझ्या हाकेच्या अंतरावर आहे, तिथं 'अमृतमंथन' आणि 'कुंकू' मोठ्या पडद्यावर बघायला मिळतात का विचार. 'ब्लू एंजल' आणि 'पिंजरा' एकाच दिवशी, लागोपाठ बघ, आणि मग मला फोन कर. तरीही 'पिंजरा' भडकच वाटला तर का ते सांग, मी ऐकून घेईन आणि भांडेनही. बाईच्या पात्रासाठी लुगडी हवी असतील तर आत्ताच कळव, धुऊन जुनी करायला वेळ लागतो.

तुझी,
आई