आई-बाबा, वारीचे टप्पे ठरवताना

तीर्थरूप आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दिंडीत नाव नोंदवल्याचं कळलं आणि फार आनंद झाला. जाऊ नका असं मी म्हणणार नाही. पण बाबा, फोनवर तुम्ही जो हिशेब सांगितलात तो मला पटलेला नाही. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर, त्याला दिवसांनी भागलं की रोजचे तेरा-चौदा, आणि तेवढं तर आपण शेतावर जाता-येता चालतो, असं तुम्ही म्हणालात. माऊलींची पालखी रोज तेरा-चौदा चालतच नाही.

आळंदी-पुणे सुमारे २९ किलोमीटर. मग पुण्यात एक दिवस विश्रांती. पुणे-सासवड सुमारे ३२, म्हणजे सगळ्या वाटेतला सर्वांत मोठा दिवस, शिवाय दुपारनंतर दिवे घाटाची चढण, आणि त्या दिवशी बहुधा एकादशी. बाबा, मधुमेहाच्या गोळ्या घेऊन निव्वळ उपासावर तो घाट चढायचा नाही. उपास कसा करायचा, गोळी किती घ्यायची हे डॉक्टरांना आत्ताच विचारा. आई, घाटाचा निर्णय हडपसरच्या विसाव्यालाच घे. घाटातली इतर वाहतूक त्या दिवशी बंद असते. घाटाच्या पायथ्याचं वडकी सोडून चढायला लागलीस की मध्येच गाडी मिळेल असं समजू नकोस. गुडघा कुरकुरत असेल तर सकाळीच दिंडीच्या सामानाच्या ट्रकमधून पुढे सासवडला जा. त्यात वारी मोडत नाही.

सासवडला पुन्हा एक दिवस थांबायचं असतं. ज्यांनी हे मुक्काम आखले त्यांनी दोन्ही मोठ्या चालींनंतर विसावा ठेवलाय, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. तो दिवस सोपानकाकांच्या दर्शनाच्या रांगेत तासन् तास उभं राहण्यात घालवू नका. दर्शन घ्या, पण पाय वर करून झोपाही.

पुढे जेजुरी १६, वाल्हे १२, आणि नीरास्नान करून लोणंद २०. लोणंद-तरडगाव तर जेमतेम ८, कारण वाटेत चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण असतं, म्हणजे वारकऱ्यांच्या रांगांमधून माऊलींचा अश्व धावतो. इथपर्यंत आलात की वाटेल, झालं, आता सवय झाली. मला काळजी आहे ती इथून पुढची. तरडगाव-फलटण २१, बरड १८, नातेपुते २१, माळशिरस १८, वेळापूर १९, भंडीशेगाव २१. तिथीप्रमाणे एखादा मुक्काम वाढला नाही तर सलग सहा दिवस वीसच्या आसपास, मध्ये विश्रांती नाही. लोक दिवे घाटाला घाबरतात, पण पाय खरे थकतात ते फलटणच्या पुढे. म्हणून सगळा जोर पहिल्या आठवड्यात घालवू नका. आई, वेळापूरच्या अलीकडे उतारावर सगळे पळत सुटतात, त्याला धावा म्हणतात, तिथे तू मात्र कडेने चाल. तुझा गुडघा चढापेक्षा उताराला जास्त दुखतो. भंडीशेगावहून वाखरी १० आणि तिथून पंढरपूर ५, ते तर पांडुरंगच ओढून नेतो.

हे सगळं डोळ्यांसमोर ठेवून सराव करा. एखाद्या रविवारी वीस किलोमीटर चालून आठवडाभर बसून राहिलात तर त्याचा उपयोग नाही. आत्ता रोज पाच-सहा, वैशाखात आठ-दहा, आणि ज्येष्ठ लागला की सलग तीन-चार दिवस पंधराच्या पुढे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय कसे उठतात ते बघायचं, तीच खरी परीक्षा. पहाटे निघा, ऊन तापायच्या आत घरी या. वारीत जी चप्पल किंवा बूट घालणार तेच आत्तापासून घाला, आळंदीला नवे कोरे नकोत. आणि बाबा, रोज रात्री तळपाय आरशात बघायचे किंवा आईला दाखवायचे. साखर असली की फोड आलेला कळत नाही, आणि पावसात भिजलेल्या पायाची जखम लवकर भरत नाही.

दिंडीप्रमुखांना एक गोष्ट आधीच विचारून ठेवा. रांगेतून चाललं की चाल आपली राहत नाही, विसाव्याला तासभर उभंही राहावं लागतं. पहाटे काकड्यानंतर तुम्ही दोघं जरा आधी निघून दुपारच्या जेवणाच्या ठिकाणी पोचलात, तिथे पडून राहिलात आणि दिंडी आली की तिच्यात मिसळलात, तर त्यांना चालेल का? बऱ्याच वयस्कर मंडळींना हे सोयीचं पडतं. पण न सांगता पुढे गेलात तर तुमची शोधाशोध होईल.

पुण्याच्या मुक्कामाला मी भेटायला येतेच. फलटणलाही येईन, तेव्हा दोघांचे पाय बघेन, आणि पुढे किती चालायचं, किती ट्रकने जायचं ते तिथे तिघं मिळून ठरवू. तोवर दिंडीप्रमुखांचा फोन नंबर आणि डॉक्टरांनी काय सांगितलं ते कळवा.

तुमची,
मनू