फ्लॅटच्या किमतीवरचा खर्च

प्रिय बाळा,

राजारामपुरीतला फ्लॅट तुम्हा दोघांना आवडलाय हे फोनवरच्या आवाजातनंच कळलं, लई बरं वाटलं. पण ४० लाखाचा फ्लॅट ४० लाखात हातात येत नाही, वरचा खर्च असतोय आणि तो बँक देत नाही, म्हणून इसार द्यायच्या आधी हे नीट वाच.

कर्ज ३० लाखाच्या वर गेलं की बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते, म्हणजे तुला फार तर ३२ लाख, आणि त्या किमतीत स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन धरत नाहीत. म्हणजे ८ लाख तुझ्या खिशातले, त्यावर महापालिका हद्दीत स्टॅम्प ड्युटी सगळं मिळून ६ टक्के, २ लाख ४० हजार, आणि रजिस्ट्रेशनचे ३० हजार. झाले की जवळजवळ पावणेअकरा लाख, आणि अजून वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकी साफ आहे का ते जुने कागद तपासून देतात तो), बँकेची प्रोसेसिंग फी, एजंटचं कमिशन राहिलंच! एजंटचं किती ते आत्ताच ठरवून घे, खरेदीखताच्या दिवशी घासाघीस करायला कुणालाच बरं वाटत नाही.

सूनबाईंच्या एकटीच्या नावावर घेतलंस तर ड्युटी १ टक्का कमी, सरळ ४० हजार वाचतात. तुझं नाव जोडलं की सवलत गेली. मला विचारशील तर तिच्याच नावावर घे, घर तीच सांभाळणार आहे आणि तिचं असायला काय हरकत आहे.

मालक म्हणेल कागदावर किंमत कमी दाखवूया, बाकीचे रोख द्या. अजिबात ऐकू नकोस. ड्युटी करारातली किंमत आणि सरकारी रेडी रेकनर, म्हणजे सरकारनं त्या भागासाठी ठरवलेला दर, यातलं जे जास्त त्यावरच लागते, शिवाय कागदावर किंमत कमी झाली की कर्जही कमी बसतं, आणि रोख दिलेल्या पैशाला पावती नाही ती नाहीच. पुढं विकायला काढशील तेव्हा कागदावरचीच किंमत धरून नफा काढतात, टॅक्स तूच भरशील.

जुना फ्लॅट आहे म्हणून जीएसटी नाही, बांधकाम चालू असलेला घेतला असतास तर ५ टक्के लागला असता, ४५ लाखाच्या आतल्या छोट्या फ्लॅटला १. किंमत ५० लाखाच्या आत आहे म्हणून टीडीएसचीही, म्हणजे मालकाला पैसे देताना त्यातनं टॅक्स कापून सरकारकडं भरायचीही, भानगड नाही.

एक मात्र स्वतःच्या डोळ्यांनी बघ, घरफाळ्याची आणि पाणीपट्टीची शेवटची पावती. थकबाकीचा रकाना रिकामा आहे का ते बघ, नसला तर खरेदीखताआधी मालकाकडनं भरून घे, नंतर ते तुझ्याच गळ्यात येतंय. लाईट बिलाचंही तसंच. सोसायटी असेल तर ट्रान्सफर प्रीमियम, म्हणजे फ्लॅट तुमच्या नावावर करायची सोसायटीची रक्कम, २५ हजाराच्या वर मागता येत नाही, डोनेशन म्हणाले तर पोटनियम दाखवा म्हण.

इसार पावती करायच्या आधी तिच्या कच्च्या मसुद्याचा फोटो आणि सगळ्या खर्चाचे आकडे मला व्हॉट्सअॅपवर पाठव, मी इथल्या वकिलांना दाखवून ठेवतो.

तुझे पप्पा