सिम्युलेशनमधले सिग्नल कोणाचे?

महोदय,

उड्डाणपूल किंवा एकेरी मार्गाचा प्रस्ताव आला की ‘सिम्युलेशन (संगणकावर वाहतुकीची नक्कल) केले आहे’ असे सांगून प्रश्न मिटवला जातो. त्या सिम्युलेशनमध्ये सिग्नलच्या वेळा कुठून आल्या, हे कोणी विचारत नाही.

अशा सिम्युलेशनसाठीच्या ‘सुमो’ या मोफत सॉफ्टवेअरचे उदाहरण घ्या. जर्मनीच्या ‘डीएलआर’ या अवकाश संशोधन केंद्राने विकसित केलेले हे सॉफ्टवेअर २००१ पासून उपलब्ध आहे. त्यात ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या खुल्या ऑनलाइन नकाशातला भाग घातला की सिग्नल कुठे आहे ते कळते, पण हिरवा दिवा किती सेकंद ते नकाशात नसते. मग सॉफ्टवेअर स्वतःच लाल-हिरव्या दिव्यांचे ९० सेकंदांचे चक्र बसवते. ते बदलले नाही, तर अहवालातला चौक आपला नसतोच. त्यात ऐन गर्दीत हवालदार सिग्नल हाताने चालवतो. म्हणजे सिग्नल चालवणाऱ्या यंत्रातला (कंट्रोलर) वेळांचा तक्ताही उपयोगाचा नाही. घड्याळ घेऊन गर्दीच्या तासातली सलग दहा-पंधरा चक्रे मोजावीच लागतात.

दुसरी गफलत वाहनगणनेत होते. तुंबलेल्या चौकात स्टॉप लाइनवर मोजली जातात ती सुटलेली वाहने. मागे अडकलेली मोजणीत येतच नाहीत. ती गणना मॉडेलला दिली की मागणी कधीच क्षमतेच्या वर जात नाही आणि चौक ठणठणीत दिसतो. म्हणून दर १५ मिनिटांनी रांगेची लांबीही नोंदवायला हवी.

सर्वांत फसवी गोष्ट वेगळीच आहे. सुमोमध्ये ३०० सेकंद जागचे न हललेले वाहन उचलून पुढच्या रस्त्यावर ठेवले जाते. याला ‘टेलिपोर्ट’ म्हणतात. कोंडी फुटते ती अशी! अशा टेलिपोर्टची संख्या शेकड्यात असेल, तर सरासरी प्रवासवेळेवर विसंबू नये. ही सोय बंद करता येते. मग खरी कोंडी दिसते.

दुचाकींचेही तसेच. लेनमध्ये एकामागे एक उभ्या केल्या, तर हिरव्या दिव्याचे पहिले काही सेकंद चुकतात, कारण आपल्याकडे त्या फटीतून पुढे येऊन थांबतात. त्यासाठी लेनचे उभे पट्टे पाडणारे ‘सबलेन’ मॉडेल सुरू करावे लागते.

महापालिकांनी अशा अहवालांसोबत चौकनिहाय फेजच्या (सिग्नलच्या प्रत्येक टप्प्याच्या) वेळा, ऑफसेट (लागोपाठच्या सिग्नलांच्या चक्रांमधले अंतर), रांगांच्या नोंदी आणि टेलिपोर्टची संख्या संकेतस्थळावर टाकावी. हरकती-सूचनांची मुदत त्यानंतरच सुरू व्हावी.

– एक वाहतूक अभियंता, पुणे