चिमीची मालगाडी

नाशिक
रविवार, रात्री

प्रिय बाळ्या,

फोनच करणार होतो. पण तू फोनवर नुसता ऐकतोस आणि शेवटी "बरं" म्हणून ठेवतोस, आणि या वेळी मला तुझं "बरं" नको आहे. म्हणून हे लांबलचक. माझी साखर आटोक्यात आहे, हिची पाठ आहे तशीच आहे. बाकी सगळं ठीक.

कुंदाची चिमी गार्ड झाली हे तुला सांगितलंच होतं. 2022 पासून त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आपल्या घरात गार्डच चालतं. विभाग कोणता ते लिहीत नाही, पोरीची नोकरी नवी आहे. जंगलातला आहे, कोळशाच्या गाड्यांचा, एवढं पुरे.

परवा मंगळवारी रात्री तिची गाडी मधल्या सेक्शनमध्ये अडकली. भरलेला बॉक्सएनचा, म्हणजे उघड्या वाघिणींचा रेक, 58 वाघिणी, आणि चढावर मध्येच कपलिंग तुटलं. ब्रेक पाइपचा दाब उतरला, गाडी उभी. वरून पाऊस. ब्रेकमध्ये, म्हणजे गार्डच्या शेवटच्या डब्यात, दिवा नाही, कडी नीट लागत नाही. ड्रायव्हरचा वॉकीटॉकीवर निरोप आला. तिने हँडब्रेक आवळला, टेललॅम्प लागलाय ना ते पाहिलं, फटाक्यांचा डबा आणि टॉर्च घेतला आणि एकटी मागे चालत निघाली. 600 मीटरवर एक फटाका, मग 1200 मीटरवर तीन, दहा दहा मीटरच्या अंतराने. लावले आणि परत आली. मग रेंज मिळाल्यावर फोन केला. मला केला, आईला नाही. पहिलं वाक्य काय म्हणाली सांगू? "मामा, फटाके लावून आले." बस एवढंच. मी अंथरुणात उठून बसलो होतो आणि मला बोलताच येईना.

बाळ्या, हे घरात कुणाला सांगणार? हिला सांगितलं तर म्हणाली, "अगंबाई, दिवाळीआधीच?" तिला फटाका म्हणजे फटाकाच. रुळावर बांधायची ती चपटी डबी, मागून येणाऱ्या इंजिनाच्या चाकाखाली धडाडणारी, ती आपण दोघांनी माझ्या बाबांच्या गार्डच्या पेटीत पाहिली आहे. हात लावला म्हणून तू थोबाडीत खाल्लीस आणि मी पळालो, हे तू गेली पन्नास वर्षं प्रत्येक लग्नकार्यात सांगतोस.

आता खरी अडचण. कुंदाला हे कळलं, अर्थात. तेव्हापासून तिचं एकच चालू आहे: नोकरी सोड, बँकेच्या परीक्षा दे, स्थळं थांबलीत. आणि चिमीला समजावण्याचं काम माझ्यावर टाकलं आहे. "दादा, तुझंच ऐकते ती." ऐकते, कारण लहानपणापासून माझ्या मांडीवर बसून तिने तुझ्यामाझ्या मनमाडच्या गोष्टी ऐकल्या. रात्री दोन वाजता कॉलबॉय वही घेऊन यायचा आणि खिडकीखालून बाबांचं नाव पुकारायचा, आई स्टोव्ह पेटवायची, काळ्या पेटीवर पांढऱ्या रंगात बाबांचं नाव आणि हुद्दा, पेटी उचलणारा पुढे आणि बाबा मागे, हातात कंदील. अजिंठा एक्स्प्रेस तिकडच्या फलाटावर आणि इकडे मुंबईची मोठी गाडी, दोन्हींमध्ये माणसांची धावपळ. तिला हे सगळं पाठ आहे. वायजी इंजिनाच्या शिट्टीचा आवाज मी काढतो तसा ती काढते. तुझ्याहून चांगला काढते, हे कबूल कर.

आणि ट्रान्सशिपमेंटची शेड! ती मी तिला कितीदा सांगितली असेल. एका अंगाला ब्रॉडगेजची वाघीण, दुसऱ्या अंगाला मीटरगेजची, आणि मधून हमाल पाठीवर पोती घेऊन धावताहेत. रूळ जुळत नाहीत म्हणून अख्ख्या मराठवाड्याचं धान्य माणसांच्या पाठीवरून पलीकडे जायचं. बहात्तरच्या दुष्काळात तर ती शेड रात्रंदिवस जागी होती. लाल मिलो, अमेरिकेची ज्वारी. ती पोती फुटायची आणि बायका केरसुणीने दाणे गोळा करायच्या, आणि पहारेकरी पाठ फिरवून उभा राहायचा. मुद्दाम पाठ फिरवायचा, हे मला मोठेपणी कळलं. तिथून मालगाडी निघायची अनकाई, नगरसूल, रोटेगाव, लासूर, दौलताबाद करत औरंगाबादकडे. बाबा सांगायचे, काही स्टेशनांवर लोक गाडी बघायला नुसते उभे असायचे. चढायला नाही, उतरवायला नाही. धान्य आलं हे बघायला.

या गाडीचा अभिमान मला आजही आहे, बाळ्या. सरळ सांगतो. 1992 ला औरंगाबादपर्यंत रूळ रुंद झाले, सोय झाली, पोती उचलणं संपलं, चांगलंच झालं. पण त्या हमालांतले कितीजण पुढे कुठे गेले कुणी विचारलं नाही. आणि मला आजही मालगाडी दिसली की शेवटचा डबा जाईपर्यंत मी थांबतो. गार्ड दिसला तर हात करतो. हल्ली काही गाड्यांना मागे डबाच नसतो, एक यंत्र लावतात, ते सांगतं गाडी पूर्ण आहे. चिमी म्हणते, "मामा, माझी जागा ते डबडं घेणार." म्हणजे कुंदा जी नोकरी सोड म्हणते, ती नोकरीच कदाचित हिला सोडून जाईल. हाही एक पैलू आहे.

तर पोरगी थकली आहे का? थकली आहे. ड्युटीच्या तासांना कागदावर मर्यादा आहे. पण गाडी लूपमध्ये, बाजूच्या रुळावर, टाकून ठेवली आणि पुढच्या स्टेशनवर बदली माणूस नसला, की कागद काय करणार? ती चौदा तासांनी उतरली आहे. त्या डब्यात संडास नाही, म्हणून ती ड्युटीवर निघाली की पाणी पीत नाही. हे तिने मला सांगितलं नाही, तिच्या मैत्रिणीने कुंदाला सांगितलं. हे ऐकल्यापासून माझी झोप गेली आहे. जंगल नाही, अंधार नाही, त्या पाण्याने गेली.

आणि त्या झोप नसलेल्या रात्री मला सतत अण्णा दिसतात. तुझे अण्णा. म्हणून हे पत्र तुला.

1974 च्या रेल्वे संपाबद्दल आपण फार बोललेलो नाही. म्हणजे भांडलो आहोत, बोललो नाही. 73 च्या ऑगस्टमध्ये लोको रनिंगवाल्यांना, म्हणजे इंजिनावरच्या ड्रायव्हर-फायरमनना, दहा तासांच्या ड्युटीचा शब्द मिळाला तेव्हा अण्णांनी कॉलनीत पेढे वाटले होते, आठवतं? तेव्हा मला कळलंच नाही दहा तास म्हणजे पेढे का. फायरमन सोळा सोळा, अठरा अठरा तास फावडं मारायचा, हे आपल्याला ठाऊक होतं, पण उन्हाळ्यात ऊन असतं तसं ते ठाऊक होतं. मग तो शब्द पाळला गेला नाही म्हणून चिडचिड, मग आठ तास, बोनस, स्वस्त धान्य, अशा मागण्या. 2 मेला जॉर्ज फर्नांडिसांना लखनौला पकडलं. 8 मेला संप. देशभर सतरा लाखांच्या आसपास माणसं. आणि मनमाडचं यार्ड, जे आपण कधी गप्प पाहिलं नव्हतं, ते गप्प.

तुझे अण्णा नांदगावकडे कुणाच्या तरी मळ्यात लपले. माझे बाबा संपाच्या दुसऱ्या दिवशी कामावर गेले.

हे वाक्य मी पहिल्यांदाच असं सरळ लिहितोय. तू मला शाळेच्या मागे "सरकारचा चमचा" म्हणालास, मी तुझ्या डोक्यात दप्तर घातलं, तुझ्या भुवईवरची खूण त्याचीच. कॅरममधल्या राणीवरून जी भांडणं आपण पुढे केली तीसुद्धा मला वाटतं याचीच होती. तुझं म्हणणं कायम एकच, की बाबा घाबरले. बाबांचं म्हणणं मला त्यांच्याच तोंडून माहीत आहे: यार्डात धान्याची गाडी उभी होती, आणि बहात्तर नुकतंच सरलं होतं, आणि रोटेगावला उभी असलेली ती माणसं त्यांनी पाहिली होती. "धान्याची गाडी मी उभी ठेवणार नाही." बाळ्या, मी त्यांना घाबरलेलं कधी पाहिलं नाही. पण एक पाहिलं. तुमचं क्वार्टर रिकामं करायला लोक आले, तुमची भांडी, ट्रंक, माईंचं शिवणयंत्र, सगळं अंगणात काढलं, तेव्हा बाबा ड्युटीवरून आले होते. ते गणवेशातच तुमच्या दारात उभे राहिले आणि शिवणयंत्राचं एक टोक त्यांनी धरलं. दुसरं माईंनी. दोघं एक शब्द बोलले नाहीत. तू तेव्हा आत तुझ्या गोट्या शोधत होतास, तू हे पाहिलं नाहीस. मी पाहिलं. तुम्ही येवल्याला गेलात आणि त्या दिवसापासून आमच्याकडे रात्री जेवताना कुणी बोलायचं नाही.

संप 27 मेला संपला. कामावर गेलेल्यांना जादा वेतनवाढ मिळाली, मुलांना नोकरीचं आश्वासन. ती नोकरी मी घेतली नाही, का घेतली नाही हे तुला माहीत आहे. मग आणीबाणी. 1975 च्या नोव्हेंबरात पंचवटी एक्स्प्रेस सुरू झाली, मनमाडहून मुंबईला, चकचकीत, वेळेवर, आणि कॉलनी तिच्यावरून नाचली. मी पण नाचलो. तू येवल्याहून पत्र टाकलंस: "तुमची पंचवटी बघायला आलो होतो, तुझ्याकडे आलो नाही." ते पोस्टकार्ड अजून माझ्याकडे आहे. दुष्ट होतास.

अण्णा परत इंजिनावर चढले ते 77 नंतर. मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले, काढलेल्यांना परत घेतलं. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोम घालायलाही त्यांनीच सुरुवात केली. अण्णांचं त्यावरचं वाक्य: "आम्हाला फावडं, पब्लिकला गादी, दोघंही खूश." मला वाटतं ते खरोखर खूश होते. पहिल्या ट्रिपला गार्ड म्हणून बाबा मिळावेत असं त्यांनी कुणाला तरी सांगून ठेवलं होतं, हे मला माईंनी खूप वर्षांनी सांगितलं. तुला माहीत होतं? असेल तर इतकी वर्षं का बोलला नाहीस? नसेल तर आता कळलं.

तर चिमीचं. माझं मत तुला सांगून टाकतो. तिने नोकरी सोडू नये. पावसात बाराशे मीटर चालत जाऊन तीन फटाके बांधून येणारी मुलगी बँकेच्या काउंटरवर बसवायची नाही. हे काम तिला आवडतं. मागच्या महिन्यात पहाटे ब्रेकच्या कठड्याजवळून तिने एक व्हिडिओ पाठवला, पुढे वळणावर सगळी गाडी दिसते आहे, आणि मागे तिचा आवाज: "बघ मामा, सगळी माझी." ते मी पुसणार नाही.

पण मग तिने मुकाट्याने चौदा तास करायचे, पाणी न पिता? नाही. तिने भांडलं पाहिजे. युनियनमध्ये गेलं पाहिजे, तासांची नोंद स्वतः ठेवली पाहिजे, संडास असलेला डबा मागितला पाहिजे, पुन्हा पुन्हा मागितला पाहिजे. हे मी तिला सांगायला गेलो तर माझ्या तोंडून ते निघत नाही. मी तिला गाडी चालूच ठेवायची हे सांगू शकतो, ते मला घरात मिळालं. गाडी थांबवायची कधी, आणि थांबवल्यावर घरात काय होतं, हे तुझ्या घरात आहे. मागण्या चुकीच्या नव्हत्या, बाळ्या. आठ तास मागणं चुकीचं नव्हतं. हे बाबांनाही मान्य होतं, ते फक्त त्या धान्याच्या गाडीपाशी अडले. मला त्या दोघांपैकी एक निवडता आलेला नाही, साठी उलटली तरी. चिमीला दोघं मिळावेत असं वाटतं.

म्हणून तू तिच्याशी बोल. अण्णांचं सगळं सांग, मळ्यातलं, येवल्याचं, तुरुंगातलं, माईंनी शिवण घेऊन घर कसं चालवलं ते. पेढ्यांचंही सांग. गोड करून सांगू नकोस. आणि बाबांबद्दल तुला जे म्हणायचं ते म्हण, मी मध्ये पडणार नाही. कुंदाला मी सांभाळतो. तिला मी एवढंच सांगितलंय की बाळूमामा बोलेपर्यंत कुणी काही ठरवायचं नाही, आणि आश्चर्य म्हणजे ती हो म्हणाली. तुझ्यावर तिचा पहिल्यापासून विश्वास, का ते देव जाणे.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन दसऱ्यानंतर म्हणालास, तारीख कळव, मी येतो. मुलाचं पुण्यातल्या फ्लॅटचं झालं का? वहिनींना नमस्कार, त्यांच्या लोणच्याची बरणी परत करायची आहे.

चिमीला पुढच्या शनिवारपासून तीन दिवस सुट्टी आहे, ती इथे माझ्याकडे येतेय. पंचवटीने ये. सोमवारी जेवूनच जा, आणि कॅरम बोर्ड माळ्यावरून काढून ठेवला आहे. तिचा नंबर खाली लिहून ठेवत नाही, नाहीतर तू फोन करशील आणि "बरं" म्हणून ठेवशील.

तुझा,
विन्या