गोव्यात गोधडी कशाला, म्हणे!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पत्रांच्या सदरात एका वाचकाने लिहिलं होतं की गोव्यात थंडी ती काय पडते, पणजीत पारा २० च्या खाली गेला तर बातमी होते, आणि तरी आमच्या बायका गोधड्या शिवत बसतात, हे सगळं इन्स्टाग्रामचं खूळ. वाचून आधी हसू आलं, मग राग आला, मग म्हटलं जाऊदे, पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पाच घरी गेले आणि पाचही घरी हाच विषय निघाला, म्हणून शेवटी लिहायला बसले. मोबाईलवर टाइप करतेय, चुका झाल्या तर सुधारून घ्या. ३१ वर्षं शाळेत पोरांचं शुद्धलेखन तपासलं, आता माझं कुणीतरी तपासा.

थंडीचं आधी बोलून टाकते. पणजी म्हणजे अख्खा गोवा नव्हे. त्या भावाने डिसेंबरात एकदा पहाटे पाचला वाळपईला नाहीतर मोल्याला येऊन कौलारू घरात झोपून दाखवावं, पागोळ्यांसारखं दंव टपकतं तुळशीवर. पण ते सोडा, मी मान्य करते की थंडीसाठी गोधडी लागतेच असं काही नाही. माझ्याच घरात फुल स्पीडला पंखा लावून वर गोधडी घेणारे आहेत, त्यांचं काय करायचं.

मुद्दा असा की आपल्याकडे गोधडी थंडीसाठी नव्हतीच मुळी. ती पाहुण्यांसाठी होती.

माझं माहेर फोंडा महालातलं. माळ्यावर पत्र्याची मोठी ट्रंक, तिच्यात १७ वाकळी (आमच्याकडे वाकळच म्हणायचे, गोधडी हा शब्द मला शाळेच्या पुस्तकात भेटला). चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली, नाहीतर जत्रा आली की आजी आईला विचारायची, वाकळी किती आहेत गं? तांदूळ किती आहेत हे नंतर. कारण १७ वाकळी म्हणजे पोरांना दोघादोघांना एकीत घातलं तर पंचवीसेक माणसं आरामात, वसरीपासून (म्हणजे ओसरी) आतल्या खोलीपर्यंत ओळीने. फातर्प्याच्या जत्रेला पौषात आत्या यायच्या, म्हार्दोळच्या जत्रेला माघात आईच्या मामेबहिणी, कुणी फोन करून येत नव्हतं आणि फोन होताच कुठे. माणूस दारात उभा राहिला की माळ्यावरची ट्रंक उघडायची. जावयाला जरीच्या काठाची, बाळंतिणीला सगळ्यात मऊ झालेली, आणि एक काळपट जाडजूड होती ती नेहमी एका ठराविक घोरणाऱ्या काकांना, ती त्यांच्याबरोबर वसरीच्या पार टोकाला जायची.

आणि रात्री अंधारात हात फिरवून आम्ही सांगायचो ही कुणाची साडी, हा आजोबांच्या धोतराचा तुकडा, हे माझं दुसरीतलं परकर. वारलेली माणसंसुद्धा त्या वाकळीत होती असं म्हटलं तर कुणाला अति वाटेल, पण आमच्या आजीच्या नऊवारीची वाकळ आई शेवटपर्यंत कुणाला देत नव्हती, जावयालासुद्धा नाही.

आता माझी गोष्ट ऐका. मुलगा ठाण्याला असतो. रेल्वेचं रिझर्व्हेशन पूर्वी १२० दिवस आधी करता यायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आणलं, आणि नाताळच्या आठवड्यातली कोकणकन्या त्या ६० व्या दिवशी सकाळी चहा होईपर्यंत फुल. सगळी मुंबई गोव्याला यायला निघालेली, त्यात गोव्याचाच मुलगा आईकडे यायला निघालाय हे त्या कॉम्प्युटरला कुठे कळतंय. शेवटी विमानाने मोपाला उतरले, तिकिटाचा आकडा मला सांगितलाच नाही त्यांनी. आणि उतरून थेट घरी यायचं की नाही? तर नाही, समुद्राकडे हॉटेल बुक केलेलं. तीन दिवस राहिले, रोज दुपारी जेवायला माझ्याकडे, खतखतं, आळसांद्यांचं तोंडाक सगळं चाटूनपुसून खाल्लं आणि संध्याकाळ झाली की परत हॉटेल. म्हणे आई तुला त्रास नको, घरात बेड दोनच आहेत.

बेड दोनच आहेत! मी रात्री झोपले नाही. आणि सुनेवर, मुलावर रागवावं तर तेही जमेना, कारण चूक माझी होती. सहा वर्षांपूर्वी घर रिपेअर केलं, माळा काढला, तेव्हा सासरच्या नऊ गोधड्या होत्या त्या मी रंगाऱ्याला जमिनीवर अंथरायला दिल्या. हो, मीच. रंगाचे डाग पडले म्हणून मग टाकून दिल्या. सासूबाई असत्या तर माझ्याशी आठ दिवस बोलल्या नसत्या. त्यांच्या जागी दोन कम्फर्टर घेतले, ऑनलाइन, 'हँडमेड कॉटन' लिहिलेले, एका धुण्यात त्यांचा कापूस एका कोपऱ्यात गोळा झाला. मग बहिणीने सांगितलं म्हणून त्यातला एक धागा काढून काडी लावून बघितला. सुती धागा जळतो तेव्हा जळक्या कागदासारखा वास येतो आणि मऊ राख होते, हा वितळून त्याचा टणक मणी झाला. दुसरी खूण म्हणजे उलटी बाजू बघायची, हाताचा धावदोरा मागून कुठेतरी वाकडा जातोच, एकसारखा सरळ असला तर मशीन. घेण्याआधी हे माहीत असतं तर पैसे वाचले असते.

तर मुलगा गेल्यावर घर खायला उठलं आणि मी धाकट्या बहिणीकडे जायला निघाले, बेळगावच्या खानापूर तालुक्यात. तिकडे फोंड्याची माणसं चोर्ल्याच्या घाटाने बसने जातात पण मला घाटात बस लागते, म्हणून मडगावला जाऊन गोवा एक्स्प्रेस. ज्यांनी हा प्रवास फक्त पावसात दूधसागर बघायला केलाय त्यांनी एकदा हिवाळ्यात करावा. कुळ्याला गाडी थांबते, मागून जादा इंजिनं लावतात, कारण पुढे चढ आहे ३७ फुटांत एक फूट, मग गाडी अशी दमादमाने वर जाते की दोन बोगद्यांच्या मध्ये झाडावरचा पक्षी ओळखून होतो. दूधसागर बारीक झालेला असतो पण असतो. कॅसलरॉक येईतो काळोख पडला होता आणि डब्यातली सगळी माणसं खिडक्या ओढायला लागली, खालून आलेलो आम्ही गोंयकार शर्टाच्या बाह्या खाली करतोय आणि वरची माणसं कानटोप्या घालून तयार. लोंढ्याला भाचा जीप घेऊन आला होता, जीपमध्ये गोधडी! म्हणाला मावशी आधी ही घे, मग बोल.

बहिणीकडे थंडी खरी थंडी आहे, पण गोधड्यांची ट्रंकही अजून आहे. आणि घरात त्या दिवशी मी धरून अकरा माणसं होती, कुणी हॉटेल शोधलं नाही.

तिच्या मुलीला हल्याळला दिलीय, दोन दिवस तिकडेही नेलं मला. तिथे शेजारच्या वस्तीतली एक सिद्दी बाई ओट्यावर बसून वाकळ शिवत होती. कानडीत कौदी म्हणतात, त्या कवंद म्हणतात. मी म्हटलं बघू दे, आणि शाळेत इन्स्पेक्शनला बसायचे तशी शेजारी बसले. आपण आधी खाली-वर साड्या पसरून मध्ये थर घालतो आणि मग टाके घालत सुटतो. ती तसं नाही करत. तळाला एक साडी, एका कोपऱ्यापासून सुरुवात, चिंधी ठेवायची, कड आत दुमडायची, शिवायची, तिच्या शेजारी पुढची चिंधी, असं कडेकडेने फेऱ्या घेत मध्यावर येऊन संपवायचं. आधी डिझाइन काढणं वगैरे काही नाही, पिवळ्याच्या बाजूला जांभळं का ठेवलं विचारलं तर म्हणाली हाताला लागलं. आणि शेवटी चारी कोपऱ्यांना तिकोनी दुमडलेल्या चिंध्या लावायच्या, त्यांना फुलं म्हणतात. फुलं नसली तर वाकळ उघडी, ती पुरी झाली असं त्या मानतच नाहीत.

मजा म्हणजे तिचं बोलणं मला जवळजवळ सगळं कळत होतं. हे लोक घरात बोलतात ती भाषा कोंकणीतूनच निघालेली आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले, पोर्तुगिजांनी गुलाम म्हणून इथे आणले, त्यातले बरेच गोव्यातून पळून घाट चढून त्या जंगलात गेले असं मानतात. म्हणजे जी माणसं आपल्याकडून उपाशी आणि उघडी पळाली, त्यांनी वाकळ सांभाळली, आणि आपण माळे पाडले. मला हे तिच्यासमोर बसून सुचलं आणि जरा लाजच वाटली.

माझी भाची न्यू जर्सीत असते, तिला फोटो पाठवले तर ती म्हणाली मावशी अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड म्हणून गाव आहे, तिथल्या काळ्या बायका अशाच जुन्या कपड्यांच्या रजया शिवायच्या, त्याही गुलामांच्या वंशातल्या, २००२ मध्ये त्यांच्या रजया मोठ्या म्युझियममध्ये मांडल्या आणि २००६ मध्ये त्यांच्यावर पोस्टाची तिकिटं निघाली. भाची स्वतःही हौसेने शिवते, पण तिचं काम म्हणजे नवं कापड विकत आणून, चाकासारख्या कटरने त्याचे तुकडे करायचे आणि परत जोडायचे. मी म्हटलं बाई गं, चांगलं कापड कापायचं कशाला! असो, जिची तिची हौस.

परत आल्यापासून मी शिवतेय. पत्र लिहिणाऱ्या भावाला वाटत असेल की टीव्ही बघत बघत होतं हे, तर त्यांनी एकदा तळवे आणि कंबर घेऊन यावं. साड्या सुतीच लागतात, तीन-चारदा धुवून खळ गेलेल्या. टेरिकॉट सुईला दाद देत नाही, रेशीम घडीवर फाटतं, नायलॉन तर साबणासारखं निसटतं, मी वरची साडी पसरेपर्यंत खालची कॉटखाली गेलेली असते. आधी चार बाजूंनी लांब कच्चे टाके, कोपऱ्यांवर पाट ठेवून, नाहीतर मध्ये पोट येतं. मग कडेपासून आत धावदोरा, दोन ओळींत बोटभर अंतर. बोटात अंगुस्तान नसलं तर दुसऱ्या दिवशी चमचा धरवत नाही. रोज दोन तास बसले तरी एका माणसाची गोधडी झटपट होत नाही. आणि हे काम हिवाळ्यातच, कारण आपल्याकडे पावसात शिवलेली गोधडी म्हणजे बुरशीला आमंत्रण. आत्ता ऊन कोरडं असतं, दुपारी अंगणात टाकली की संध्याकाळी घडी करताना तिला एक वास येतो, तो मी लिहून सांगू शकत नाही. धुवायची तर पिळायला समोरासमोर दोन माणसं लागतात, म्हणून शेजारणीशी भांडण ठेवून चालत नाही.

पहिली झाली, दुसरी अर्ध्यावर आहे. मुलाला फोटो पाठवला, त्याने अंगठा पाठवला. नातीने मात्र फोन करून विचारलं, आजी ती हिरवी माझी का? म्हटलं तुझीच, पण इथे येऊन झोपायचं, पार्सल मिळणार नाही.

आता संपादकसाहेब, दोन गोष्टी मागते. एक म्हणजे पणजीला दर जानेवारीत लोकोत्सव भरतो, तिथे भारतभरचे कारागीर येतात. संबंधितांपर्यंत तुमच्या पेपरमुळे पोचलं तर बघा, तिथे हल्याळ-यल्लापूरच्या सिद्दी बायकांना नुसता विकायचा स्टॉल नको, खाली बसून शिवून दाखवायला जागा द्या, आणि शेजारी आमच्या सत्तरी-काणकोणातल्या दोन म्हाताऱ्या बसवा ज्यांना अजून हात आहे. लोकांना शिकायला पैसे पडले तरी चालतील. हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात लमाणी बायकांच्या चिंध्यांच्या चादरी परदेशी माणसं हौसेने घेतात, आपण त्यांच्याशी शंभर रुपयांवरून घासाघीस करतो.

दुसरी गोष्ट घरातली आहे. गुरुवारी दुपारी आमच्या वाड्यावरच्या देवळाच्या अग्रशाळेत (म्हणजे धर्मशाळेत) आम्ही सातजणी शिवायला बसतो. कपाटात आईच्या, सासूच्या सुती साड्या पडून असतील आणि काय करावं कळत नसेल तर भांडीवाल्याला देऊ नका, घेऊन या, तुमच्याच साडीची गोधडी तुम्हीच शिवायची, आम्ही कच्चे टाके घालून देऊ. त्या पत्रवाल्या भावालाही निरोप आहे, बायकोबरोबर या, चहा मिळेल, पाटावर बसून कोपरा धरायला आम्हाला माणूस हवाच आहे.

नायलॉनच्या साड्या कृपा करून आणू नका.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, फोंडा