शेवट अपुरा नाही

महोदय,

कोएन बंधूंच्या ‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’ला (२००७) चार ऑस्कर मिळाले, तरी ‘याला शेवटच नाही’ ही प्रेक्षकांची तक्रार अजून ऐकू येते. नायक पडद्याआड मरतो, खुनी निसटतो. वेस्टर्नच्या, म्हणजे काउबॉयपटांच्या, चाहत्यांना हे खटकणारच. मला मात्र हाच शेवट पटतो. १९८० च्या टेक्सासमधला थकलेला शेरीफ (तिथला पोलीसप्रमुख) निवृत्तीनंतर बायकोला स्वप्न सांगतो: थंडीत, अंधारात वडील शिंगातून विस्तव घेऊन पुढे गेलेत. शेरीफ झालेल्या टॉमी ली जोन्सचे डोळे तेव्हा पाहावेत! आणि पेट्रोल पंपावरचा, खुनी आणि पंपमालक समोरासमोर असतात तो प्रसंग! पार्श्वसंगीत जाणवतच नाही. काउंटरवर चुरगळलेला कागद हळूहळू उलगडतो, त्याचाच काय तो आवाज. माझा तर श्वास अडकला होता. जे वैतागून उठले, त्यांनी हा सिनेमा एकदा तरी पुन्हा बघावा.

– एक चित्रपटप्रेमी, सातारा